हेजहॉगच्या संरक्षणासाठी ब्रिटिश संसदेत याचिका: कोण करू शकतं, काय लागतं

रात्री दहाच्या सुमारास मागच्या अंगणात पाचोळा सरसरतो, फुसफुस ऐकू येते आणि टॉर्च मारला की नारळाएवढा काटेरी गोळा अंग आवळून बसलेला दिसतो. हा हेजहॉग. आमच्याकडची मुलं त्याला साळिंदर म्हणायची. साळिंदर वेगळं. त्याचे काटे सहज निघून येतात, हेजहॉगचे तसे निघत नाहीत.

हा प्राणी ब्रिटनमधून झपाट्याने कमी होतो आहे. 1995च्या अंदाजानुसार तिथे सुमारे 15 लाख हेजहॉग होते. 2018च्या अंदाजात 8 लाख 79 हजार. 2020मध्ये ब्रिटनच्या सस्तन प्राण्यांच्या लाल यादीत, म्हणजे कोणत्या प्राण्याला नामशेष होण्याचा किती धोका आहे ते सांगणाऱ्या यादीत, त्याची नोंद ‘असुरक्षित’ अशी झाली.

मग कायदा काय म्हणतो? 1981च्या वन्यजीव आणि ग्रामीण परिसर कायद्यात हेजहॉग परिशिष्ट 6मध्ये आहे. म्हणजे सापळे, जाळी अशा ठरावीक साधनांनी त्याला मारायला किंवा पकडायला बंदी. क्रूरतेविरुद्ध 1996चा वेगळा कायदा आहे. पण त्याचं घरटं यातल्या कशातच येत नाही. पाणउंदीर परिशिष्ट 5मध्ये असल्यामुळे त्याच्या बिळालाही संरक्षण आहे. हेजहॉग ज्या झुडपांच्या कुंपणाच्या बुडाशी पानं गोळा करून हिवाळाभर झोपतो, ते कुंपण उपटताना मात्र तसा अडसर नाही. म्हणूनच त्याला परिशिष्ट 5मध्ये घ्यावं, ही मागणी मला रास्त वाटते. परिशिष्टात भर घालण्याचा अधिकार मंत्र्यांना आहे. निकष असा, की प्राणी नामशेष होण्याच्या धोक्यात हवा, किंवा उपाय न केल्यास तशी वेळ येण्याची शक्यता हवी.

मागणी पोचवायचा सोपा रस्ता म्हणजे संसदेच्या संकेतस्थळावरची याचिका. ब्रिटिश नागरिक, किंवा ब्रिटनमध्ये राहणारी कोणीही व्यक्ती याचिका करू शकते, सहीही करू शकते. वर्क व्हिसावर असलात, पासपोर्ट भारतीय असला तरी चालतं. आपली माणसं इथेच बिचकतात आणि ‘आपला काय संबंध’ म्हणून बाजूला होतात, याचं मला फार वाईट वाटतं.

कागदपत्रं काहीच जोडायची नाहीत. नाव, ईमेल आणि पोस्टकोड एवढंच भरायचं. मग ईमेलवर एक दुवा येतो. तो दाबल्याशिवाय सही मोजली जात नाही, त्यामुळे मेल दिसला नाही तर स्पॅममध्ये बघा.

स्वतः याचिका करायची असेल तर आधी शोधा. त्याच मागणीची याचिका सुरू असेल तर तुमची नाकारली जाते, तेव्हा असलेल्या याचिकेवर सही करा. नसेल तर मागणी एका वाक्यात, नेमकी लिहा: ‘हेजहॉगला परिशिष्ट 5मध्ये समाविष्ट करा.’ ‘हेजहॉग वाचवा’ एवढ्याने काम होत नाही, कारण सरकारने नक्की काय करायचं ते त्यातून कळत नाही. पाच जणांचा पाठिंबा मिळाला की छाननी होते, मग याचिका सहा महिने खुली राहते. करणाऱ्याचं नाव जाहीर होतं, सही करणाऱ्यांची नावं होत नाहीत.

10,000 सह्यांना सरकार लेखी उत्तर देतं. 1,00,000 झाल्या की चर्चेसाठी विचार होतो. चर्चा झाली म्हणजे कायदा बदलला असं नाही, म्हणून सोबत आपल्या खासदारालाही लिहा. पत्रात पूर्ण पत्ता हवाच, कारण खासदार आपल्याच मतदारसंघातल्यांची कामं बघतात. ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारे भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचे नागरिक म्हणून तिथल्या संसदीय निवडणुकीत मतदार होऊ शकतात. मतदारयादीत नाव असेल तर पत्रात तसं लिहा.

स्कॉटलंड आणि वेल्समध्ये वन्यजीव हा तिथल्या संसदेचा विषय आहे; त्यांची याचिका-व्यवस्था स्वतंत्र आहे.

अंगणात हेजहॉग दिसला, किंवा रस्त्यावर मेलेला आढळला, तर ‘बिग हेजहॉग मॅप’ या ऑनलाइन नकाशावर जागा आणि तारीख नोंदवा. कुंपणाच्या तळाशी 13 सेंटिमीटर लांबी-रुंदीचं भोक ठेवा, म्हणजे त्याला एका अंगणातून दुसऱ्यात जाता येतं. आणि दूध ठेवू नका, ते त्याला पचत नाही. उथळ ताटलीत पाणी ठेवा.