फुप्फुसशिरा आक्रसतात तेव्हा: ॲब्लेशनमागे राहणाऱ्या दुखण्याची पार्श्वभूमी

एट्रियल फिब्रिलेशनमध्ये हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. ही थरथर कुठून सुरू होते, याचं उत्तर १९९८मध्ये मिळालं. फ्रान्समधल्या बोर्दो इथे मिशेल ऐसागेर यांच्या गटाने ४५ रुग्णांच्या हृदयात कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून तपासलं, तर गडबड सुरू करणाऱ्या ६९ जागांपैकी ६५ फुप्फुसशिरांमध्ये निघाल्या. फुप्फुसांतलं शुद्ध रक्त डाव्या वरच्या कप्प्यात आणून सोडणाऱ्या या शिरा बहुतेकांना चार असतात. कप्प्याचा स्नायू बाहीसारखा त्यांच्या आत थोडं अंतर गेलेला असतो आणि चुकार ठोका उठतो तो त्या बाहीतून. मग कॅथेटर थेट शिरेत नेऊन ती जागाच जाळायची, म्हणजे ॲब्लेशन करायचं, हे ओघाने आलं.

त्याची किंमतही त्याच वर्षी दिसली. ॲब्लेशननंतर शिरा अरुंद होऊन फुप्फुसांतला रक्तदाब वाढलेल्या दोन रुग्णांची नोंद अमेरिकेतल्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. शिरेची भिंत पातळ असते. चटका बसला की तिच्यातलं कोलॅजन आक्रसतं, जखम भरताना तंतुमय ऊती वाढतात, आतलं अस्तर जाड होतं. हे सगळं आठवडेच्या आठवडे, महिने चालू राहतं.

या इतिहासातला जिवाला लागणारा भाग इथेच आहे. रुग्ण घरी गेलेला असतो, ठोके बऱ्याचदा ताळ्यावर आलेले असतात. आणि तीन-चार महिन्यांनी खोकला सुरू होतो, जिना चढताना दम लागतो, कधी थुंकीत रक्त दिसतं. एक्स-रेवर डाग दिसला की न्यूमोनिया समजून अँटिबायोटिक्स दिली जातात. कुणाला कॅन्सरच्या शंकेने पुढच्या तपासण्यांना पाठवतात. आपल्याकडे थुंकीत रक्त म्हटलं की आधी क्षय आठवतो, आणि ती तपासणी व्हायलाच हवी. पण ॲब्लेशनचे कागद हृदयाच्या फाइलमध्ये आणि रुग्ण छातीच्या डॉक्टरांसमोर, अशी फारकत झाली की निदान लांबतं. शिरांचा सीटी स्कॅन केला तर अरुंद झालेली जागा सहसा दिसते. तो वेळेवर न झाल्याने शीर पार बुजली, तर फुप्फुसाच्या त्या भागातला रक्तप्रवाह नंतर उघडूनही पुरता परतत नाही.

उपचाराची वाट लहान मुलांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी आधीच चाचपलेली होती. जन्मतः अरुंद असलेल्या फुप्फुसशिरा फुग्याने रुंदावण्याचा प्रयत्न अमेरिकेत झाला होता. १९८२ साली त्यावर निबंध छापून आला, तेव्हा हा उपाय अयशस्वी ठरल्याचं त्याच्या शीर्षकातच नमूद होतं. या प्रामाणिकपणाचं मोल मला फार वाटतं. तरी तंत्र तेच राहिलं. मांडीच्या शिरेतून कॅथेटर वर न्यायचा, वरच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला छिद्र करून डावीकडे जायचं, शिरेच्या अरुंद तोंडातून तार सरकवायची. त्या तारेवरून नेलेला फुगा फुगू लागतो तेव्हा मॉनिटरवर त्याला मधोमध कंबर पडलेली दिसते. दाब वाढवत नेला की ती सुटते. सीटीवर पूर्ण बंद दिसणाऱ्या शिरेतही, फुप्फुसधमनीत डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं द्रव्य, सोडून थोडं थांबलं की कधी दोऱ्याएवढी वाट उजळते. तिथून तार गेली, तर शीर उघडता येते.

उघडलेली शीर उघडी राहणं मात्र अवघड निघालं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी २०१६मध्ये १२४ रुग्णांचा अनुभव मांडला. नुसत्या फुग्याने रुंदावलेल्या शिरांपैकी ५७ टक्के पुन्हा अरुंद झाल्या होत्या, स्टेंट, म्हणजे शीर आतून उघडी धरणारी जाळीची नळी, बसवलेल्यांपैकी २७ टक्के. स्टेंटही मोठाच हवा, शक्यतो १० मिलिमीटर किंवा त्याहून रुंद; लहान स्टेंट लवकर भरून येतो.

दुखणं कमी झालं ते मुख्यतः ॲब्लेशनची जागा बदलल्यामुळे. शिरेच्या आत न जाळता तिच्या तोंडाबाहेर, कप्प्याच्या भिंतीवर गोल रेघ ओढल्यासारखं जाळायला सुरुवात झाली, आणि प्रमाण झपाट्याने उतरलं. जाळण्याऐवजी ती जागा गोठवणाऱ्या क्रायोबलूननेही धोका पुरता गेला नाही. विजेच्या अत्यंत अल्पकाळ टिकणाऱ्या झटक्यांनी पेशी निकामी करणाऱ्या पल्स्ड फील्ड ॲब्लेशनला अमेरिकेत डिसेंबर २०२३मध्ये मंजुरी मिळाली. त्यात उष्णतेवर भिस्त नसल्याने शिरेचा सांगाडा बराचसा शाबूत राहतो, आणि शिरा आक्रसल्याची उदाहरणं फार थोडी दिसली आहेत.

ज्यांच्या शिरा आधीच अरुंद झाल्या, त्यांना हा बदल उशिरा आला. स्टेंट बसल्यावरही त्यांचा सीटी पुन्हा पुन्हा करावा लागतो, आणि काहींच्या त्याच शिरेत फुगा दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा न्यावा लागला आहे.