इंग्रजी अतिशयोक्तीची शब्दसंपदा : चिनी भाषकांचे अध्ययन

अतिशयोक्ती चिनी विद्यार्थ्याला नवी नाही. ली बाय (७०१–७६२) हा कवी आपले पांढरे केस ३,००० चांग लांब असल्याचे सांगतो, आणि १ चांग म्हणजे सुमारे ३ मीटर! त्याच्याही आधी ल्यू श्ये याने आपल्या साहित्यशास्त्रावरील ग्रंथात या अलंकाराला स्वतंत्र प्रकरण दिले होते. अडचण वेगळीच आहे. इंग्रजीत कोणती अतिशयोक्ती कुठे रुळलेली आहे, हे वापरातूनच उमगते.

सर्वांत जास्त चुका ‘मरण्या’च्या होतात. चिनीत विशेषणामागे ‘स्स ल’ लावले की झाले: ‘अ स्स ल’ म्हणजे भुकेने मेलो, ‘लेइ स्स ल’ म्हणजे थकून मेलो, ‘र स्स ल’ म्हणजे उकाड्याने मेलो. मराठी माणसाला हे लगेच पटेल. इंग्रजीतले ‘टू डेथ’ मात्र निवडक शब्दांनाच लागते. ‘बोअर्ड टू डेथ’, ‘स्केअर्ड टू डेथ’ चालते. ‘हंग्री टू डेथ’ कानाला खटकते. तिथे नुसते ‘स्टार्व्हिंग’ पुरते, थकव्याला ‘एक्झॉस्टेड’, थंडीला ‘फ्रीझिंग’. हे शब्द मुळातच टोकाचे, म्हणून त्यांच्याआधी ‘व्हेरी’ सहसा येत नाही, ‘ॲब्सोल्यूटली’ येते. पण चिनी वाक्यात विशेषणाआधी ‘हन’ घालण्याची सवय जिभेला असते. त्यातला ‘फार’ हा अर्थ बहुतेकदा पुसट झालेला असतो, तरी इंग्रजी बोलताना त्याच्या जागी ‘व्हेरी’ येतो आणि ‘व्हेरी स्टार्व्हिंग’ तयार होते. असे शब्द सुटे पाठ करून घेणे व्यर्थ आहे. ते जोडीनेच शिकवायला हवेत.

‘ख्वाचांग’ हा शब्दही असाच फसवतो. शब्दकोश त्याचा अर्थ ‘एक्झॅजरेट’ देतात, पण बोलताना भरमसाट किमतीला किंवा भडक कपड्यांनाही ‘थाय ख्वाचांग ल’, म्हणजे ‘अतिच झालं’, म्हणतात. इंग्रजीत किमतीला ‘रिडिक्युलस’ आणि कपड्यांना ‘ओव्हर द टॉप’ म्हणावे लागते. ‘एक्झॅजरेटेड’ शोभते ते वर्णनाला किंवा हावभावाला.

वाक्प्रचार त्या मानाने सोपे जातात. ‘श्याओ थी ता त्सुओ’, म्हणजे छोट्या विषयाचा मोठा बाऊ, याला इंग्रजीत चिचुंदरीच्या उकिराचा डोंगर आणि मराठीत राईचा पर्वत आहे. आपण तिखटमीठ लावतो, चिनी माणूस तेल-व्हिनेगर घालतो. इंग्रजीत त्यासाठी ‘एम्बेलिश’ हे साधे क्रियापद आहे.

निबंधात मात्र ‘अ मिलियन टाइम्स’सारखे बोलीतले प्रयोग टाळतात. तिथे ‘ओव्हरस्टेट’ आणि ‘एक्झॅजरेट’ हीच क्रियापदे कामी येतात.