श्वान तंत्रिकावैद्यक

कुत्र्यांच्या मेंदू, मेरुरज्जू, तंत्रिका आणि स्नायू यांच्या विकारांचे निदान व उपचार करणारी पशुवैद्यकाची विशेष शाखा. या शाखेतील तज्ज्ञ पशुवैद्यकाची पदवी घेतल्यानंतर साधारणतः एक वर्षाची आंतरवासिता आणि सुमारे तीन वर्षांचे निवासी प्रशिक्षण पूर्ण करून विशेषज्ञ मंडळाची परीक्षा देतात. अमेरिकेत व युरोपात अशी मंडळे आहेत.

बिघाड नेमका कुठे आहे हे शोधणे हा या कामाचा गाभा होय. रुग्णाला आपला त्रास सांगता येत नाही. त्यामुळे त्याची चाल, डोक्याचा कल, बुबुळांची हालचाल, तसेच पाऊल मुद्दाम उलटे टेकवले असता तो ते किती लवकर सरळ करतो, यांवरून दोष मेंदूत, मानेत की कमरेत आहे याचा अंदाज बांधला जातो आणि मगच एमआरआय काढला जातो. हा क्रम उलटा करणे धोक्याचे आहे, कारण वयस्क कुत्र्यांच्या मणक्यांमधील चकत्यांची झीज कोणतेही लक्षण नसतानाही प्रतिमेत दिसते.

मागचे पाय अचानक लुळे पडण्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे चकतीतील गाभा बाहेर पडून मेरुरज्जू दाबला जाणे. डॅक्सहुंडसारख्या आखूड पायांच्या जातींत हा विकार विशेष आढळतो. पाय आखूड करणारा एक जनुकीय बदल चकतीच्या अकाली ऱ्हासालाही कारणीभूत असल्याचे 2017 मध्ये दाखवण्यात आले. येथे सर्वांत निर्णायक, आणि चुकीचा अर्थ लावला जाण्याची सर्वाधिक शक्यता असलेली चाचणी म्हणजे खोल वेदनेची जाणीव तपासणे. बोट चिमट्यात दाबल्यावर कुत्र्याने पाय आखडला, तर ती केवळ मेरुरज्जूची प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. संवेदना मेंदूपर्यंत पोचली हे तो वळून पाहतो, कण्हतो किंवा चावायला धावतो तेव्हाच कळते. पाय हलला म्हणून सुखावलेल्या पालकांना हा फरक समजावून सांगणे तज्ज्ञाला जड जाते, पण ते टाळता येत नाही: जाणीव शाबूत असल्यास शस्त्रक्रियेनंतर बहुतेक कुत्री पुन्हा चालतात, ती गेलेली असल्यास सुमारे निम्मीच. ज्यांच्यात सुधारणा झाली नव्हती अशा 34 पाळीव कुत्र्यांवरील, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या केंब्रिजच्या प्रयोगात 23 कुत्र्यांच्या मेरुरज्जूत त्यांच्याच नाकातील पेशी सोडण्यात आल्या. काहींच्या पुढच्या व मागच्या पायांचा ताळमेळ सुधारला, पण मूत्राशयावरील ताबा परतला नाही.

दीर्घकालीन विकारांत अपस्मार (वारंवार झटके येणे) अग्रणी आहे. अज्ञातहेतुक, म्हणजे कारण न सापडणाऱ्या, अपस्माराची सुरुवात बहुधा सहा महिने ते सहा वर्षे या वयात होते. फेनोबार्बिटाल, पोटॅशियम ब्रोमाइड यांसारखी औषधे बहुधा आयुष्यभर द्यावी लागतात आणि फेनोबार्बिटाल चालू असताना रक्तातील त्याची पातळी व यकृताचे कार्य तपासत राहावे लागते. पाच मिनिटांहून अधिक लांबलेला झटका ही आणीबाणी मानली जाते. दवाखान्यात झटका क्वचितच पाहायला मिळतो, म्हणून घरी मोबाइलवर घेतलेले चित्रीकरण निदानाला फार उपयोगी पडते.

म्हाताऱ्या कुत्र्याचे डोके एकाएकी कलते, डोळे भिरभिरतात आणि ते कोसळते, तेव्हा घरच्यांना शेवट आल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात हा अनेकदा आतील कानाच्या संतुलन यंत्रणेतील तात्पुरता बिघाड असतो आणि काही दिवसांत ते आपोआप सावरू लागते. सुखमरणाचा निर्णय घाईने घेतला जाऊ नये म्हणून हे निदान नीट सांगितले जाणे अत्यंत महत्त्वाचे आहे.

याउलट, मेरुरज्जूच्या ऱ्हासकारी विकारावर इलाज नाही. जर्मन शेफर्डसह अनेक जातींत उतारवयात मागचे पाय वेदनेविना हळूहळू निकामी होतात. यामागील एसओडी 1 जनुकातील दोष 2009 मध्ये सापडला. याच जनुकातील दोष माणसांतील एएलएस या स्नायू हळूहळू निकामी करणाऱ्या तंत्रिका-आजाराच्या काही रुग्णांतही आढळतात. मात्र जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असलेल्या सर्वच कुत्र्यांना हा विकार होत नाही. त्यामुळे जनुकीय चाचणीवरून केवळ धोका कळतो. खात्रीचे निदान मृत्यूनंतर मेरुरज्जूच्या सूक्ष्मदर्शकाखालील तपासणीतच होते.