ऑप्शनच्या समीकरणामागचे जुने गणित

ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क. त्याच्या किमतीचे ब्लॅक-शोल्स समीकरण 1973 मध्ये छापले गेले. ते सोडवायला लागणारे गणित मात्र त्याआधी 92 वर्षे तयार होते.

नॉर्वेचे गणिती सोफस ली यांनी एक साधा प्रश्न धरून ठेवला होता. बैजिक समीकरणे कधी सुटतात हे फ्रेंच गणिती गाल्वा यांनी सममितीवरून सांगितले. बदलाचे दर (अवकलज) असलेल्या अवकल समीकरणांचेही तसेच सांगता येईल का? समीकरणाच्या एका उत्तरातून दुसरे उत्तर मिळवून देणारा चलांचा बदल म्हणजे त्या समीकरणाची सममिती. 1881 च्या निबंधात ली यांनी दोन चलांच्या दुसऱ्या कोटीच्या (म्हणजे दराच्याही दरापर्यंत जाणाऱ्या) रेषीय आंशिक अवकल समीकरणांची अशा सममितींनुसार वर्गवारी केली. त्यांतल्या पॅराबोलिक म्हणवल्या जाणाऱ्या गटात उष्णतावहनाचे समीकरण सर्वांत श्रीमंत ठरले. दोन उत्तरांची बेरीज हेही उत्तर असते, ही रेषीयतेची देणगी वेगळी ठेवली तरी त्याला सहा स्वतंत्र सममिती आहेत.

ली 1899 मध्ये वारले. पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये लुई बाशेलिए यांनी सट्ट्याच्या सिद्धान्तावर प्रबंध सादर केला. भावांच्या चढउताराला त्यांनी हेच उष्णतेचे समीकरण लावले. परीक्षकांत नामवंत गणिती प्वांकारे होते, तरीही अर्थशास्त्रज्ञांचे या कामाकडे कित्येक दशके लक्ष गेले नाही.

1969 च्या सुमारास अमेरिकेतले फिशर ब्लॅक यांच्या हाती ऑप्शनचे समीकरण आले, पण ते सुटेना. पदवी भौतिकशास्त्राची असूनही त्यात उष्णतेचे समीकरण दडले आहे हे आपल्याला ओळखू आले नाही, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहिले आहे. समीकरणात शेअरचा अपेक्षित परतावा कुठेच नाही, हे ध्यानात घेऊन ब्लॅक आणि मायरन शोल्स यांनी स्प्रेंकल यांच्या ऑप्शन-किमतीच्या आधीच्या सूत्रात अपेक्षित परताव्याच्या जागी व्याजदर बसवला आणि मिळालेले उत्तर समीकरणात घालून पडताळले. छापील निबंधात मात्र एक लांबलचक चलबदल एकदम समोर येतो आणि समीकरण उष्णतेचे होऊन जाते. विद्यार्थी तो पाठ करतात. तो सुचतो कुठून, हे वर्गात सांगितले जात नाही याची मला खरोखर खंत वाटते.

उत्तर समीकरणातच आहे. शेअरचा भाव S धरला, तर दुसऱ्या अवकलजाला S² चा गुणक आहे आणि पहिल्याला S चा. म्हणून S ला कोणत्याही स्थिर संख्येने गुणले तरी समीकरण जसेच्या तसे राहते. निफ्टीचा ऑप्शन घ्या: निर्देशांक आणि स्ट्राइक प्राइस (करारात ठरलेला भाव) दोन्ही रुपयांऐवजी पैशांत मांडले, तर प्रीमियमही, म्हणजे ऑप्शनची किंमतही, फक्त शंभरपट होतो. ही सममिती गुणाकाराची आहे. S चा लॉगॅरिदम घेतला की ती बेरजेची होते आणि सगळे गुणक स्थिर होतात. निम्मे काम तिथेच संपते.

सोव्हिएत संघात, नोवोसिबिर्स्कला, गणिती ओव्स्यानिकोव यांनी ली यांची पद्धत पुन्हा जोमाने चालवली होती. त्यांच्याच परंपरेतले इब्रागिमोव यांनी गाझिझोव यांच्यासह 1998 मध्ये ब्लॅक-शोल्स समीकरणाच्या सममिती रीतसर काढल्या. त्या सहाच निघाल्या. समान सममितींमुळेच ही दोन समीकरणे एकमेकांत बदलता येतात.

सगळी समीकरणे इतकी उदार नसतात. व्याजदरांसाठी 1985 मध्ये आलेल्या कॉक्स-इंगरसोल-रॉस प्रतिमानाला साधारणपणे चारच सममिती मिळतात, पण सिडनीचे क्रॅडॉक आणि प्लाटेन यांनी दाखवल्याप्रमाणे अशा प्रतिमानांतही संक्रमण-घनता (आजच्या दरावरून पुढे कोणता दर किती संभवतो ते) सममितीवरून काढता येते.

शिवाय समीकरणाची सममिती करारालाही मानवली पाहिजे. मुदतीआधी कधीही वापरता येणाऱ्या अमेरिकन पुटमध्ये (पुट म्हणजे विकण्याचा हक्क), तो केव्हा वापरावा ही सीमा उरलेल्या मुदतीनुसार सरकत राहते आणि नेटके सूत्र हाती लागत नाही. मुदतच काढून टाकली, तर आज आणि उद्या यांत फरक राहत नाही, सीमा एका भावावर स्थिरावते आणि आंशिक समीकरणाचे साधे अवकल समीकरण होते. त्या पुटचे नेमके सूत्र अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांच्या 1973 च्याच निबंधात आहे.