कोल्हापुरातले इंग्रजी आणि इंटरनेट: वाचन पुढे गेले, लेखन मागे राहिले

बालभारतीच्या पुस्तकावरचा क्यूआर कोड मोबाईलवर स्कॅन केला की धड्याशी जोडलेले साहित्य समोर येते. ही सोय २०१७ मध्ये सुरू झालेल्या 'दीक्षा' या सरकारी व्यासपीठामुळे झाली. तंत्रज्ञानाने इंग्रजी शिकवण्याची गोष्ट बहुतेक जण इथूनच सांगायला घेतात. कोल्हापूरपुरते बोलायचे तर ती बरीच मागून सुरू होते.

करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे, राजाराम कॉलेज १८८० चे. गोपाळ कृष्ण गोखले याच कॉलेजात शिकले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, पण ते मराठीतले. इंग्रजी हवे असेल तर शहर गाठावे लागे, आणि खेड्यातल्या पोरांना तिथे राहता यावे म्हणून महाराजांनी १९०१ पासून जातीजातींची बोर्डिंगे उभी केली. शिकवण्याची रीत ठरलेली: पाठांतर, व्याकरण, भाषांतर. तर्खडकरांच्या पाठमालेवर कित्येक पिढ्या घडल्या. यातून इंग्रजी वाचता येई, पण लिहायचे कोणाला? फार तर रजेचा अर्ज, तोही 'आय बेग टू स्टेट दॅट' या साच्यातला. वाचणारा एकच, हेडमास्तर, आणि त्यांना मजकूर आधीच पाठ.

लेखनाची ही अडचण कोल्हापूरचीच नव्हती. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने १९६० मध्ये 'प्लेटो' ही संगणकावर शिकवणारी यंत्रणा सुरू केली. अशा यंत्रांचा भर प्रश्न, उत्तर, बरोबर, चूक यावर राहिला. माझ्या मते खरी कलाटणी मिळाली ती १९८५ मध्ये, वॉशिंग्टनच्या गॅलोडेट विद्यापीठात. कर्णबधिर विद्यार्थ्यांच्या या विद्यापीठात ट्रेंट बॅटसन यांनी वर्गातले संगणक एकमेकांना जोडले आणि सगळा तास लेखी गप्पांवर चालवला. एकाने टाइप केलेले वाक्य सगळ्यांच्या पडद्यावर दिसे आणि त्याला लगेच उत्तर येई. या मुलांना इंग्रजी कानावर पडून शिकता येत नव्हते. इथे ती भाषा बोलण्याच्या वेगाने लिहिली जाऊ लागली. पुढे ऐकणाऱ्या मुलांच्या लेखनवर्गातही ही पद्धत गेली. आज व्हॉट्सॲपवर आपण दिवसभर तेच करतो, फक्त त्याला कोणी अभ्यास म्हणत नाही.

आपल्याकडे सरकारने १९८४ मध्ये 'क्लास' योजनेतून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो संगणक दिले. सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला आले, तेही मोठ्या शहरांत. त्यानंतर तीनच वर्षांत आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर झाले: १९९८ चा वारणा प्रकल्प. वारणानगरच्या परिसरातली कोल्हापूर-सांगलीची ७० गावे संगणकाने जोडायची, शेतमालाची माहिती द्यायची, शिक्षणही पोचवायचे, असा बेत होता. प्रत्यक्षात ते संगणक मुख्यतः उसाच्या कामाला लागले: वजन किती, बिल किती, खताची मागणी काय. पुढे काही गावांत संगणक बाजूला ठेवून तेच काम मोबाईलच्या एसएमएसवर करून पाहिले, ते स्वस्त पडले आणि शेतकऱ्यांना पसंतही पडले. शिक्षणातही पुढे मोबाईलनेच बाजी मारली.

दरम्यान २००० च्या जूनपासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले. शिकवायचे कोणी? ज्या गुरुजींनी स्वतः पाचवीत किंवा आठवीत एबीसीडी गिरवली होती, त्यांनीच. त्यातल्या अनेकांचा हात कीबोर्डला पहिल्यांदा लागला तो एमएस-सीआयटीच्या निमित्ताने. नोकरीसाठी सर्टिफिकेट लागायचे म्हणून गेले, पण इंग्रजी मेन्यू वाचायची सवय तिथेच झाली.

२०१६ मध्ये जिओ आल्यावर डेटा स्वस्त झाला आणि वाचन-श्रवणाचा पूरच आला. २०१९ मध्ये गुगलने 'बोलो' हे ॲप काढले, आताचे 'रीड अलाँग'. मूल मोठ्याने वाचते, ॲप ऐकते आणि अडखळलेला शब्द उच्चारून दाखवते. गोष्टी उतरवून घेतल्या की नेट नसले तरी चालते. गगनबावडा, शाहूवाडीकडच्या वाड्यांना रेंजचे काय ते माहीत असल्याने ही बाब मला ॲपच्या बाकी सगळ्या करामतींहून मोलाची वाटते.

लेखनाची पाळी आली ती २०२० च्या टाळेबंदीत, नाइलाजाने. मुलांनी वहीत लिहायचे, घरच्यांनी पानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा. घरात मोबाईल एकच, तो वडिलांबरोबर शिरोलीच्या एमआयडीसीत. 'सर, मालक आलं की पाठवतो,' असा आईचा निरोप. मग रात्री फोटोंची रांग. काही तिरके, काहींवर अंगठ्याची सावली. सर बोटाने फोटोवरच लाल रेघ ओढायचे: इथे फुलस्टॉप, इथे 'बी' नव्हे 'डी'. शेजारी बरोबरची खूण. चूक कुठली हे घरच्यांनाही दिसे, जे शाळेत वही तपासताना कधी घडत नव्हते. शाळा भरल्या आणि हा प्रकार बंद पडला. तो निदान आठवड्यातून एकदा तरी चालू ठेवायला हवा होता.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले. आता 'माय फेव्हरिट फेस्टिव्हल' या विषयावर निर्दोष निबंध मिनिटात मिळतो, आणि तो मुलाने लिहिलेला नाही हे सरांना पहिल्या ओळीतच कळते. साच्यातल्या विषयाला साच्यातले उत्तर द्यायला यंत्र पुरेसे आहे. त्याला जमत नाही ते वेगळेच: चंदगडच्या मुलांनी काजूच्या हंगामाबद्दल शिरोळच्या वर्गाला इंग्रजीत लिहावे, शिरोळच्यांनी घरात पाणी शिरले त्या दिवसांबद्दल, आणि दोघांनी एकमेकांना प्रश्न विचारावेत. यासाठी दोन्ही शाळांत एकेक मोबाईल असला तरी भागते. वेळापत्रकात तास मात्र काढावा लागेल.