याओहान: अतामीच्या भाजी दुकानापासून शांघायपर्यंत

जपानी दुकानांच्या साखळ्या आज आशियाभर दिसतात. पण यातल्या बहुतेकांच्या कितीतरी आधी परदेशात धडाक्याने पसरली ती याओहान. तिचे नाव आता फारसे कोणी घेत नाही, याची मला खंत वाटते. परदेशातला विस्तार कशाने फळतो आणि कशाने बुडतो, हे दोन्ही एकाच कंपनीत इतके लख्ख क्वचितच दिसते.

अतामी हे शिझुओका प्रांतातले गरम पाण्याच्या झऱ्यांचे गाव. र्योहेई आणि कात्सु वादा या नवराबायकोने १९३० मध्ये तिथे भाजी-फळांचे दुकान थाटले. १९५० मध्ये गावाला मोठी आग लागली, त्यात दुकानही जळाले. त्यांनी ते पुन्हा उभे केले. मोठी गिऱ्हाइके म्हणजे गावातल्या सराया. माल आज उचलायचा, पैसे मागाहून. त्या उधारीचा भार शेवटी भावातच चढायचा. १९५६ मध्ये थोरला मुलगा काझुओ याने उधारी बंद केली आणि रोखीने, कमी भावात विक्री सुरू केली. दुकानाची साखळी झाली ती याच जोरावर.

जपानात दाइएईसारख्या बड्या कंपन्यांशी टक्कर देणे या प्रांतीय साखळीला झेपणारे नव्हते, म्हणून काझुओने बाहेर पाहिले. १९७१ मध्ये ब्राझीलमध्ये दुकान उघडले, पण तेलसंकटानंतरच्या महागाईत ते टिकले नाही आणि काही वर्षांत तिथून निघावे लागले. सिंगापूर मात्र लाभले. तिथे १९७४ मध्ये प्लाझा सिंगापुरात दुकान आले, आणि लाल चवळीसारख्या दाण्यांचे गोड सारण भरलेला जपानी पाव, म्हणजे अनपान, तिथल्या लोकांच्या तोंडी बसला. पुढे अमेरिका, १९८४ मध्ये हाँगकाँगचे शा तिन, आणि मग मलेशिया.

१९९० मध्ये काझुओ वादांनी समूहाचे मुख्यालयच हाँगकाँगला हलवले. १९८९ मध्ये बीजिंगच्या तिआनआनमेन चौकातले आंदोलन चिरडले गेल्यानंतर हाँगकाँगचे लोक देश सोडून जात असताना हा माणूस उलट्या दिशेने आला, म्हणून चीनमध्ये त्यांचे स्वागत झाले. १९९५ च्या डिसेंबरात शांघायच्या पुडोंगमध्ये स्थानिक भागीदाराबरोबर प्रचंड दुकान उघडले. पहिल्याच दिवशी दहा लाखांहून जास्त माणसे लोटली. चीनमध्ये हजार सुपरमार्केट काढण्याचा बेत होता.

पैसा मात्र कुठून येत होता? बराचसा परिवर्तनीय रोख्यांतून. शेअर वधारला तर रोखेधारक रोख्याचे शेअर करून घेतात, कंपनीला रोकड मोजावी लागत नाही. शेअर पडला की मुदतीला सगळी रक्कम परत द्यावी लागते. जपानमधला शेअर आणि जमिनींच्या भावांचा फुगा फुटल्यावर नेमके तेच झाले, आणि घरची दुकानेही तोवर कमजोर पडली होती. माझ्या मते परदेशाची हौस हा दोष नव्हता. चढत्या शेअरबाजाराच्या भरवशावर तो सगळा डोलारा उभारला, हा होता. सप्टेंबर १९९७ मध्ये याओहान जपान कर्जाखाली कोसळली. बोजा सुमारे १६१ अब्ज येनचा होता.

जपानातली दुकाने पुढे जस्को, म्हणजे आजच्या इऑन, समूहाकडे गेली. अमेरिकेतल्या दुकानांचे मित्सुवा झाले. न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी मंडळींना ठाऊक असलेले एजवॉटरचे मित्सुवा मूळचे याओहानचेच. पुडोंगचे दुकान चिनी भागीदाराने याओहानच्याच नावाने चालू ठेवले.