कुपवाडचं एमडी वेगळं, फेंटानिल वेगळं

फेब्रुवारी 2024 मध्ये पुणे पोलिसांनी सांगलीच्या कुपवाडमधून एमडी या नशेच्या पदार्थाचा साठा पकडला. पुढच्याच महिन्यात कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत आणि जानेवारी 2025 मध्ये विट्याजवळ कार्वे इथं कारखानेच सापडले. तेव्हापासून सांगलीत अमली पदार्थांचा विषय निघाला की बोलणं एमडीवर येतं आणि अमेरिकेतल्या ओव्हरडोसच्या बातम्याही त्यातच मिसळल्या जातात. एमडी म्हणजे मेफेड्रोन. ते उत्तेजक आहे. अमेरिकेत माणसं मेली ती मुख्यतः फेंटानिलने, आणि ते ओपिऑइड, म्हणजे अफूच्या गुणाचं पण प्रयोगशाळेत बनवलेलं औषध.

मिरजेच्या ऑपरेशन थिएटरांना फेंटानिल नवं नाही. बेल्जियमच्या पॉल यानसेन यांनी 1960 च्या सुमारास ते तयार केलं. अफूपासून मिळणाऱ्या मॉर्फिन या वेदनाशामकापेक्षा जवळजवळ शंभरपट तीव्र असल्याने भूलतज्ज्ञ ते मायक्रोग्रॅममध्ये मोजून देतात. दोन मिलीच्या अँप्यूलमध्ये अवघे 100 मायक्रोग्रॅम असतात. दोन मिलिग्रॅम, म्हणजे अशा वीस अँप्यूलमधलं औषध, सवय नसलेल्या माणसाचा जीव घेऊ शकतं, आणि त्याची पूड मिठाच्या काही कणांएवढीच भरते. मेंदूतलं श्वासाचं केंद्र मंदावतं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, घशातून घरघर येते, ओठ निळे पडतात. घरच्यांना वाटतं, गाढ झोपलाय.

अमेरिकेत याची सुरुवात चोरट्या मालाने नव्हे, डॉक्टरांच्या चिठ्ठीने झाली. 1996 मध्ये ऑक्सिकॉन्टिन ही ओपिऑइडची वेदनाशामक गोळी बाजारात आली आणि व्यसनाचा धोका कमी असल्याचं सांगून तिचा धडाक्याने प्रचार झाला. गोळ्यांवर निर्बंध आले तसे 2010 पासून लोक हेरॉइनकडे वळले. 2013 पासून बेकायदा फेंटानिल आलं: आधी हेरॉइनमध्ये मिसळून, मग हुबेहूब बनावट गोळ्यांतून. त्या वर्षी कृत्रिम ओपिऑइडशी निगडित मृत्यू तीन हजारांच्या आसपास होते, 2022 मध्ये 73 हजारांवर गेले. चीनने मे 2019 पासून फेंटानिलच्या सगळ्या कुळावर बंदी घातली, तर कच्चा माल मेक्सिकोकडे वळला. 2023 नंतर उतार लागला. ओव्हरडोसचे एकूण मृत्यू त्या वर्षीच्या 1 लाख 5 हजारांवरून 2024 मध्ये 80 हजारांच्या घरात आले. उताऱ्याचं औषध नालोक्झोन 2023 पासून तिथं चिठ्ठीशिवाय मिळू लागलं, त्याचा यात वाटा आहे असं मला वाटतं. पण बाजारातला मालच बदलला, असंही अभ्यासक म्हणतात.

आपल्याकडे काळजी करायची ती मेडिकलच्या काउंटरवरची. ट्रॅमाडॉल वेदनेवरचं नेहमीचं औषध, तेही ओपिऑइडच. नशेसाठी वापर वाढल्यावर एप्रिल 2018 मध्ये केंद्राने ते एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याखाली आणलं. मात्र कायदा आवळताना वेदनेने तळमळणारा कॅन्सरचा रुग्ण विसरून चालत नाही. 1985 च्या याच कायद्याच्या धाकाने दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं होतं, म्हणून 2014 मध्ये दुरुस्ती करावी लागली.

आणि मोजणीचं काय? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात साऱ्या देशातले ओव्हरडोस मृत्यू वर्षाला हजाराच्या आत दिसतात. हा आकडा मला पटत नाही. आपल्याकडे असा तरुण गेला की ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते, व्हिसेरा, म्हणजे तपासणीसाठी काढलेले अवयवांचे नमुने, राखून ठेवला जातो. अफू-मॉर्फिन शोधणाऱ्या साध्या चाचणीत फेंटानिल सापडत नाही, त्यासाठी वेगळी तपासणी मागावी लागते.